मेलेला प्लेअर आणि फोनवरचे काका

ती. काका,
स. न. वि. वि.

मैत्रिणीचे वडील म्हणून तुमचा नंबर मिळवला आणि भर दुपारी तुमची झोप मोडली. त्याबद्दल आधी माफी, आभार नंतर.

माझा जुना म्युझिक प्लेअर कित्येक वर्षं कपाटात पडून होता. काढला, चार्जरला लावला, तर ढिम्म. दिवा नाही, पडदा नाही. तीन केबली बदलल्या, बटणं दाबून अंगठा दुखला. शेवटी 'मेला' असं ठरवून मी हातात सेफ्टी पिन घेतली होती, भोकात काही अडकलंय का ते उकरायला. तेवढ्यात तुम्ही फोन उचललात.

तुमचा पहिला प्रश्न गाण्यांबद्दल नव्हता, केबलीबद्दलही नव्हता. "फुगलाय का?" टेबलावर सपाट ठेवून बोटाने गोल फिरवायला सांगितलंत. भोवऱ्यासारखा फिरला किंवा डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगलीये, मग चार्जरच्या जवळही न्यायचा नाही. नाही फिरला. मगच पुढचं बोलणं. मी असते तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुचला असता, किंवा सुचलाच नसता.

पिन बाजूला ठेवायला लावलीत, कारण धातू आतल्या दोन पिनांना एकदम लागला तर शॉर्ट. लाकडी दातकोरणं घेतलं, टॉर्च मारला. करड्या रंगाचा, दाबून दाबून नमदा झालेला खिशातला कचरा निघाला, मुगाच्या दाण्याएवढा! केबल टोकापर्यंत बसतच नव्हती, आणि मी मात्र ती ढिली आहे म्हणून केबललाच शिव्या घालत होते.

तरी काही होईना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "होल्डचं बटण कुठे आहे?" होल्डवरच होतं, बाकी सगळी बटणं गोठलेली. म्हणजे अर्धा तास मी कुलूप लावलेल्या दाराची बेल वाजवत होते. तुम्ही हसलात, पण मोजकंच.

आणि मग तो सल्ला, ज्यासाठी खरं तर हे पत्र. "आता लाव आणि हात लावू नकोस." लिथियम-आयन सेल साधारण ३.७ व्होल्टचा, भरला की ४.२ व्होल्ट. वर्षानुवर्षं पडून तो ३ व्होल्टच्याही खाली गेला की चार्जिंगचं सर्किट त्याला एकदम पूर्ण करंट देत नाही, आधी थेंब थेंब पाजतं. तेवढ्यावर पडदा उजळत नाही. म्हणून आपल्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, आणि आपण पाच मिनिटांनी केबल उपटतो. मी तेच दहा वेळा केलं होतं. शिवाय समोर बसून लक्ष ठेव, गरम झाला तर लगेच काढ, रात्रभर लावून झोपू नकोस, हेही तुम्ही तीनदा बजावलंत.

वाट बघताना तुम्ही सांगितलेली आयपॉडची गोष्ट मी आता सगळ्यांना ऐकवते. २००३ सालचा तिसऱ्या पिढीचा आयपॉड यूएसबीवरून गाणी घ्यायचा, पण चार्ज मात्र फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीनेच व्हायचा. संगणकाला दिसतोय तरी चार्ज होत नाही म्हणजे बिघाडच, असं नसतं तर!

चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं. मी ओरडले, तुम्ही फोन कानापासून लांब धरला असणार. गाणी सगळी शाबूत आहेत. निम्म्यांची नावं नुसती 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' आहेत, तो दोष पूर्णपणे माझा.

पूर्ण चार्ज करून वाजवत ठेवला, तर अडीच तासांत बंद पडला. सेल म्हातारा झालाय, बदलावा लागेल, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. तोवर तो रिकामा ठेवायचा नाही, म्हणून निम्मा भरून ठेवलाय आणि पाठीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलीय.

नवा सेल आला की फोन करीन. दुपारी नाही. स्क्रू मीच काढणार, तुम्ही फक्त फोनवर थांबा.

आपली,
सेफ्टी पिनवाली