हॉस्पिटलमधल्या हवेकडे पण बघा

संपादक महोदय,

२०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईतलं एक मोठं खासगी हॉस्पिटल सील करावं लागलं होतं, कारण तिथल्या नर्स आणि डॉक्टरच मोठ्या संख्येने पॉझिटिव्ह आले. हे आपण इतक्या लवकर विसरलो याचं खरंच वाईट वाटतं. तेव्हा सगळा जोर सॅनिटायझर आणि फरशी पुसण्यावर होता, पण कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो हे आता सगळ्यांना माहितीये, तरी ओपीडीत जाऊन बघा, खिडक्या बंद, एसी चालू आणि खोकणारे पेशंट गरोदर बायकांच्या शेजारी बसलेले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वॉर्डात पेशंटमागे सेकंदाला किमान ६० लिटर ताजी हवा हवी, आपल्याकडे हे कोण मोजतं? जुन्या सरकारी इमारतींमध्ये उंच छत, मोठ्या खिडक्या असतात, त्या उघड्या ठेवायला तर पैसे पण लागत नाहीत. तापाच्या पेशंटची वेगळी रांग, आत शिरतानाच मास्क, आणि नर्स, मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार सगळ्यांना डॉक्टरांसारखेच एन-९५ मास्क द्या, कंत्राटी असले तरी. पुढची साथ यायच्या आधी पालिकेने प्रत्येक हॉस्पिटलची हवा तपासून आकडे दारावर लावावेत, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, ठाणे