खडेबाजारात एक पडदा लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

ऑक्टोबर आला की स्तनांच्या कर्करोगावर लेख येतात, ते यावेतच. रोज अंगात घालायच्या ब्रावर मात्र कुणी लिहीत नाही. माझी डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच मोठी आहे. काकू म्हणायची, 'ओढणी नीट घे, दिसत नाही.' मग भर मे महिन्यात खानापूर-बेळगाव बसमध्ये जाड ओढणी गुंडाळून घामाघूम व्हायचं. थोडाफार फरक बहुतेक बायकांत असतो, हे कुणी सांगितलंच नाही.

ब्रा घ्यायला बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीत जा. काउंटरवरचा पोरगा नजरेनंच माप काढतो, 'अक्का, चौतीस बसतंय बघा.' घालून बघायला आडोसा नाही. शालू घेताना चहा मिळतो, इथं पडदासुद्धा नाही!

आता मी घरीच टेप लावते. छातीखालचा घेर पट्ट्यासाठी आणि कप मोठ्या बाजूच्या मापाचा. लहान बाजूला काढता-घालता येणारं पॅड. उलटं केलं की मोठ्या बाजूला काच पडतो. आधार मुख्यतः खालच्या पट्ट्याचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्या आवळून खांदेच दुखतात. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकात नीट बसावी. कापड सैल पडलं की आतले हुक आहेतच. ताणणाऱ्या कापडाचे कपही सोयीचे.

फरक अचानक वाढला किंवा गाठ लागली तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावं.

दुकानदारांनी पडदा लावावा आणि काउंटरला एखादी बाई ठेवावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)