तलंगा म्हणून विकलेल्या बारा पक्ष्यांत पाच कोंबडे निघाल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

स.न.वि.वि.

जूनमध्ये तुमच्या तालुक्याच्या विक्री केंद्रातून मी वनराजा जातीच्या कोंबड्यांचे सहा आठवड्यांचे बारा पक्षी घेतले. मिश्र पक्षी, म्हणजे नर-मादी न निवडलेला, १४० रुपयांना होता; तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी, २०० रुपयांना. घरी कोंबडा होताच, म्हणून जादा पैसे मोजून बाराही तलंगाच मागितल्या. पावतीवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

तीनच आठवड्यांत पाच जणांचे तुरे लालभडक झाले, पाय जाड दिसू लागले. मी त्याच दिवशी फोन केला. तुमच्या माणसाने सांगितलं, "काही माद्यांचाही तुरा लवकर लाल होतो, थोडं थांबा." मी थांबले. पुढे ते आरवायला लागल्यावर पुन्हा फोन केला, तर उत्तर मिळालं की महिन्याच्या आतच पक्षी बदलून मिळतो, पावतीच्या मागे छापलंय. थांबायला तुम्हीच सांगितलंत आणि मुदत संपली म्हणूनही तुम्हीच सांगता, हे मला मान्य नाही.

माझी तक्रार जातीबद्दल नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा परसातल्या पाळणुकीसाठीच तयार केली आहे आणि उरलेल्या सात तलंगा उत्तम वाढल्या आहेत. पण आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. माझ्याकडे जुन्या सहा धरून तेरा माद्या आणि कोंबडे सहा! माद्यांच्या पाठीवरची पिसं गेली. एकीचं बरगडीपाशी नखांनी कातडं फाटलं. तिला आठ दिवस डालग्याखाली वेगळं ठेवलं.

सगळ्यात वाईट हाल तांबड्याचे झाले. हा आमचा तीन वर्षांचा कोंबडा. दाणा सापडला की स्वतः न खाता कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो. घार दिसली की असा ओरडतो, की साऱ्या जणी करवंदीच्या जाळीत शिरतात. लहान असताना तोही एकदा माझ्या अंगावर आला होता. मी मारलं नाही. पंख दाबून, उचलून काखेत धरलं आणि शांत होईपर्यंत अंगणात फिरवलं. असं दोन आठवडे केलं. पुन्हा कधी तो कुणावर धावला नाही. आज त्याचा तुरा फाटलाय आणि तो खुराड्याबाहेर यायला बघत नाही.

नव्यांपैकी एक माझ्या नातीच्या पायावर धावला, तेव्हा तुमच्या मदत क्रमांकावरून सल्ला मिळाला, "चोच कापा, अंगावर आला की लाथ घाला." कोंबडी पाळणाऱ्याला असं सांगू नका. लाथ घातली की कोंबडा माणसाला दुसरा कोंबडाच समजतो आणि जास्त चवताळतो. पाचही जणांना मी कोंबड्या दिसणार नाहीत अशा जाळीत हलवलं, तेव्हा त्यांच्यातल्या मारामाऱ्या बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे दोष त्या मुक्या पक्ष्यांचा नव्हता. जाळीचा आणि वाढीव खाद्याचा खर्च मात्र माझ्या माथी आला.

पाच कोंबडे परत नेऊन पाच तलंगा द्या, किंवा पाच पक्ष्यांचे जादा घेतलेले ३०० रुपये आणि जाळीचे ८५० रुपये परत करा. सहाव्या आठवड्यात नर-मादी खात्रीने सांगता येत नसेल, तर तलंग म्हणून जादा दर लावणं बंद करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवेन.

सोबत पावतीची प्रत आणि जखमी कोंबडीचे फोटो जोडले आहेत.

आपली ग्राहक