नागपूर–पुणे गाडीवर मधल्या गावांचाही हक्क आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० ऑगस्ट २०२५ रोजी नागपुरातील अजनी स्टेशनावरून अजनी–पुणे वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. बारा तासांत पुणे गाठून देणारी ही गाडी विदर्भाला हवीच होती आणि आम्ही तिचे मनापासून स्वागतही केले. परंतु पुलगाव, धामणगाव, चांदूर, मूर्तिजापूर या पट्ट्यातील खेड्यांतून शिकायला किंवा कामाला पुण्यास जाणाऱ्या माणसाची अडचण तिने दूर झालेली नाही. ही अडचण नेमकी कोठे आहे, ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वंदे भारत वर्ध्यानंतर थेट बडनेऱ्याला थांबते. तिच्यात झोपायची सोय नाही, जनरल डबा नाही, आणि ती दिवसा धावत असल्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाची जाताना एक आणि येताना एक मजुरी बुडते. गरीबरथ संपूर्ण वातानुकूलित आहे आणि तीही ठरावीक वारीच धावते. उरते ती गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस. रोज धावणारी, स्लीपर आणि जनरल डबे असलेली आणि लहान स्टेशनांचीही दखल घेणारी ही गाडी आमच्या भागाचा आधार आहे. पण एका गाडीने किती भार वाहावा?

दुसरी अडचण आरक्षणाची आहे आणि ती शहरातल्या वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. हावड्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे पोहोचेपर्यंत भरलेल्या असतात. मधल्या स्टेशनावरून तिकीट काढले की प्रतीक्षा यादीतले नाव बहुधा ‘रिमोट लोकेशन’ किंवा ‘पूल्ड कोटा’ या वेगळ्या यादीत जाते. या यादीच्या वाट्याला जागा मोजक्याच असतात, त्यामुळे गाडी जेथून सुटते तेथल्या सर्वसाधारण यादीच्या मानाने तिकीट पक्के होण्याची शक्यता कमी राहते. म्हणून जाणकार मंडळी सुरुवातीच्या स्टेशनापासूनचे तिकीट काढतात आणि बोर्डिंग बदलून आपल्या गावाहून चढतात. न केलेल्या प्रवासाचे पैसे भरून जागा मिळवावी लागणे हा सरळ अन्याय आहे, आणि ज्याला ही युक्ती ठाऊक नाही तो वेटिंगवरच राहतो. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसता येत नाही, तेव्हा त्याला जनरल डब्याशिवाय गत्यंतर नसते.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून अशाच एका गाडीच्या जनरल डब्यातून आला. रात्रभर तो संडासाच्या दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा होता, आणि त्याच्या शेजारी तान्हे मूल घेतलेली एक बाई पिशवीवर बसून होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या पायांना सूज होती. त्याच दिवसांत खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे विचारले, तर ते नेहमीच्या कितीतरी पट होते. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारू नये असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, पण सणाच्या दिवसांत तो कोणाला आठवत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स जळून २५ माणसे गेली. तेव्हापासून मुलगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला की आमच्या घरात कोणाला झोप लागत नाही.

मार्गावर जागा नाही, हे रेल्वेचे म्हणणे खोटे नाही. मुंबई–हावडा हा मुख्य मार्ग आहे, कोळशाच्या मालगाड्यांची त्यावर गर्दी असते, आणि आमची गाडी बाजूच्या लूप लाइनवर काढून उभी ठेवलेली आम्ही नेहमी पाहतो. पुढे मनमाड–दौंड हा मुळात एकेरी मार्ग असून त्याच्या दुहेरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने होत आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा–भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या मार्गिका उभ्या राहिल्यावर वाढलेल्या जागेतून नागपूर–पुणे अशी रोज रात्रीची, स्लीपर आणि जनरल डब्यांची गाडी सुटेल, आणि ती पुलगाव, धामणगाव, चांदूर, मूर्तिजापूर येथे थांबेल, हे आजच ठरवून जाहीर व्हायला हवे. नाहीतर ती जागाही मालगाड्या आणि थेट धावणाऱ्या गाड्यांतच संपेल.

तोपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. २२ डब्यांच्या गाडीत १२ डबे जनरल व स्लीपरचे आणि ८ वातानुकूलित असावेत, असे धोरण रेल्वे मंत्रालयानेच सांगितलेले आहे. पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते लागू आहे की नाही, हे आमच्या खासदारांनी तपासून पाहावे. मधल्या स्टेशनांचा कोटा प्रत्यक्ष तिकीटविक्री पाहून वाढवावा. आणि दिवाळीच्या विशेष गाड्या सणाच्या तोंडावर जाहीर न करता निदान साठ दिवस आधी जाहीर कराव्यात, म्हणजे नियमित गाड्यांचे आरक्षण ज्या दिवशी खुले होते त्याच दिवशी आमच्या मुलांना त्यांचेही तिकीट काढता येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती