चुना का तापतो

सांगली,
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर तू प्रिलिमचे मार्क सांगितलेस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून गप्प बसलो, ते तुला लागलं असणार. वसतिगृहाच्या फोनला दहा मिनिटं, तुझ्यामागे मुलींची रांग, तेवढ्यात मला नीट बोलता येईना. म्हणून लिहायला बसलोय. विज्ञान भाग १ ला चाळीसपैकी सव्वीस पडले याचं मला वाईट वाटलेलं नाही. पण तू जे एक उत्तर वाचून दाखवलंस, ते दिवसभर डोक्यात फिरतंय.

प्रश्न होता, शास्त्रीय कारण लिहा : कळीच्या चुन्यात पाणी टाकल्यावर भांडं गरम होतं. तू लिहिलंस, 'कारण ही उष्मादायी अभिक्रिया आहे.' दोनपैकी एक गुण मिळाला. गाइडमध्ये असंच आहे, म्हणालीस. असेल. पण उष्मादायी म्हणजे काय? उष्णता देणारी. म्हणजे तू लिहिलंस की भांडं गरम होतं, कारण उष्णता बाहेर पडते. त्यांनी कारण विचारलं आणि तू नाव सांगितलंस. एक गुण मिळाला हीच सरांची माया.

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात गेला असता तर मी काही बोललो नसतो. पण आपलं घर चुन्यावर चाललंय. तुझ्या आजोबांनी, अण्णांनी आयुष्यभर चुन्याचं काम केलं, मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली कुंचा धरला. आता डिस्टेंपर आणि इमल्शन आलं, तरी दिवाळीच्या आधी जुन्या वाड्यांची आणि गोठ्यांची चार कामं अजून चुन्याची असतात. त्यामुळे तुझं पुस्तक तू सुट्टीत घरी ठेवून गेलीस तेव्हा मी पहिल्यांदा चुनाच शोधला. रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात सापडला, आणि मग तो मला सगळ्या पुस्तकभर दिसायला लागला.

आधी भांडं का तापतं ते बघू.

चुना जमिनीतून निघतो तेव्हा दगड असतो, चुनखडी. आपल्या काळ्या रानात नांगर फिरला की पांढरट खडे वर येतात ना, तेच. पूर्वी ते वेचून भट्टीत भाजायचे. साधारण नऊशे अंश सेल्सिअसला त्या दगडातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड उरतो. शंभर ग्रॅम शुद्ध दगडातून छप्पन्न ग्रॅम चुना, चव्वेचाळीस ग्रॅम वायू. जवळजवळ निम्मा दगड हवेत जातो! म्हणून चुनकळीचं पोतं दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. चुना आणि वायू हे दोघे दगडात घट्ट बांधलेले होते, त्यांना सोडवायला भट्टीनं रात्रंदिवस लाकूड-कोळसा खाल्ला. ती उष्णता गेली कुठे? थोडी धुरातून आणि भिंतींतून गेली, पण बांध सोडवायला जेवढी लागली तेवढी वाया गेली नाही. कळीच्या चुन्याची अवस्था ताणून धरलेल्या धनुष्यासारखी असते. पुन्हा कुणाशी तरी घट्ट बांधून घ्यायची संधी मिळाली की ती उष्णता तो परत देतो.

पिंपात पाणी आलं की त्याला पहिली संधी मिळते. छप्पन्न ग्रॅम चुना अठरा ग्रॅम पाणी धरतो आणि चौऱ्याहत्तर ग्रॅम विरवलेला चुना होतो. नवे बंध जुळताना उष्णता सुटते. तुझ्या उष्णतेच्या धड्यातला कॅलरीचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला. एक किलो शुद्ध चुनकळी विरली तर तीनेक लिटर नळाचं पाणी उकळी येईपर्यंत तापेल. म्हणून पिंप खदखदतं, ढेकळं फुटून त्यांचं पीठ होतं आणि वाफेनं समोरचा माणूस दिसत नाही. मी लहानपणी म्हणायचो, अण्णा, खाली जाळ नाही तर हे उकळतंय कसं? अण्णा म्हणायचे, जाळ भट्टीतच घातलाय रे. ते दुसरी शिकलेले. पण उत्तर बरोबर होतं, आणि मला ते पटायला तुझं पुस्तक हातात यावं लागलं.

पण पिंपात भट्टीची सगळी उष्णता परत मिळत नाही. एक तृतीयांशाहून थोडी जास्त मिळते. उरलेली भिंतीवर मिळते, इतकी हळू की हाताला कळत नाही. भिंतीला लावलेला चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पाणी सोडून पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो. म्हणजे दगड! दोन-तीन दिवसांत वरचा पापुद्रा चमकायला लागतो, आतपर्यंत पोचायला महिने लागतात. सहलीला गडावर तू चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पाहिलंस. त्या घाणीत मळलेला चुना बांधकामात गेला आणि तिथे हळूहळू दगड झाला.

आता भाग २ चं पुस्तक उघड. तुला जीवशास्त्र वेगळं वाटतं, पाठांतराचं. चुन्याची निवळी घेऊन तिच्यात नळीनं फुंकायचा प्रयोग तुम्ही केलाय. निवळी पांढरी होते. भिंतीवर जे महिन्यांत होतं ते नळीत मिनिटभरात दिसतं, कारण बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के आणि आपल्या उच्छ्वासात चार टक्क्यांच्या आसपास, शंभरपट. तो येतो कुठून? सकाळी खाल्लेल्या भाकरीतून. ज्वारीच्या पिठातलं ग्लुकोज पेशीत फुटतं, त्याचा कार्बन पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) क्रेब चक्र नावाच्या अभिक्रियांच्या साखळीतून कार्बन डायऑक्साइड होऊन रक्तात, फुप्फुसात आणि तिथून नाकावाटे बाहेर पडतो. ज्वारीनं तो कार्बन हवेतूनच घेतला होता. ताई, आपल्या मधल्या खोलीला तू पाचवीत असताना चुना दिला. तेव्हा आपण पाचही जण तिथे झोपायचो. त्या भिंतीच्या दगडात थोडा आपला श्वास आहे, तुझ्या आज्जीचाही आहे. हे मला सुचलं त्या रात्री मी उठून त्या भिंतीला हात लावून आलो.

निवळीत फुंकत राहिलं की पांढरेपणा परत जातो, त्याचं कारणही विचारतात. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं कार्बोनेटचं हायड्रोजनकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं. बोअरच्या पाण्यात हेच असतं. पाणी तापवलं की उलट होतं, वायू निघून जातो आणि बंबाच्या आत पांढरा खार धरतो. तुझी आई दर महिन्याला तो खरवडते. लिंबू लावलं की खार फसफसतो, अंड्याचं टरफलही तसंच फसफसतं. दोन्ही एकच वस्तू आहे.

प्रकाशाच्या अपवर्तनाचं मात्र मला तुला सांगायचंच आहे, कारण ते पुस्तकात या रूपात नाही आणि मी ते रोज पाहतो. चुन्याचा हात ओला असताना दिसतच नाही. नवीन पोरगं कामाला आलं की घाबरतं, झाकलं नाही म्हणून लगेच दुसरा हात मारायला जातं. अण्णा ओरडायचे, थांब, भिंत वाळू दे. वाळली की पांढरी शुभ्र होते. रंग तोच, मग आधी कुठे होता? प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळतो आणि थोडा परत फिरतो, आणि दोन्हींच्या अपवर्तनांकांत (माध्यम प्रकाशाला किती वळवतं ते सांगणाऱ्या आकड्यांत) फरक जेवढा मोठा तेवढा जास्त परत फिरतो. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक दीडच्या थोडा वर. भिंत ओली असते तेव्हा कणांच्या फटीत पाणी असतं, १.३३. फरक थोडा, म्हणून प्रकाश आत शिरून मागची जुनी भिंत दाखवतो. पाणी गेलं की फटीत हवा येते, तिचा १. फरक मोठा, मग प्रकाश प्रत्येक कणावरून उधळत माघारी येतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. कागदावर तेल पडलं की पलीकडचं दिसतं, तेही हेच. परीक्षेत अपवर्तनाचं उदाहरण विचारलं तर सगळ्या पोरी पाण्यातली वाकडी पेन्सिल लिहितील. तू तुझ्या बापाची भिंत लिही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. अण्णांचा उजवा डोळा मोतीबिंदूनं गेला असं तुला माहीत आहे. तो चुन्यानं गेला. मी सतरा वर्षांचा होतो. चुना विरवताना घाईत पाणी कमी टाकलं, ढेकूळ फुटून उडालं. कुणी म्हणालं डोळ्यात तूप घाला, थंड पडेल. कुणी म्हणालं, चुन्याला पाणी लागलं की तापतो, पाणी अजिबात लावू नका. मलाही ते बरोबर वाटलं, मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते चूक होतं. थोडं पाणी चुन्याला तापवतं हे खरं, पण धो धो पाणी ती उष्णता वाहून नेतं आणि चुनाही धुऊन काढतं. मुख्य म्हणजे उष्णतेपेक्षा त्याचा आम्लारीपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा दाहक गुण, वाईट. कार्बनी संयुगांच्या धड्यात साबणीकरण आहे ना, तेल आणि आम्लारी मिळून साबण होतो, तेच डोळ्याच्या नाजूक पडद्यात होतं, आणि धुतल्याशिवाय ते थांबत नाही, आत आत जातं. लगेच स्वच्छ पाण्याची धार वीस-तीस मिनिटं सतत धरायची, पापणीखालचे कण काढायचे आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. आज माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी शिकवतो, चष्म्याशिवाय पिंपाजवळ उभं राहू देत नाही. तेव्हा आमच्यापैकी एकालाही कारण माहीत नव्हतं. 'चुना तापतो' एवढं सगळ्यांना पाठ होतं.

म्हणून मी दुपारी गप्प झालो, ताई. तुझ्यावर रागावलो नव्हतो.

हळदीचं तर तुला पाठच आहे. मला बोटाला लागलं होतं, आईनं हळद दाबली, मी तसाच कामावर गेलो आणि चुन्यात हात घातल्यावर बोटं लालभडक झाली. तू तिसरीत होतीस, रक्त समजून रडलीस. हळद हा दर्शक आहे, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगावरून सांगणारा, आम्लारीत लाल होतो, कुंकूही पूर्वी हळद आणि चुन्याचंच करायचे. सांगलीच्या पोरीला दर्शकाचं नाव विचारलं आणि तिनं फिनॉल्फ्थॅलिन तेवढं लिहिलं, हळद नाही, याचं मला नवल वाटतं.

गेल्या महिन्यात नगर वाचनालयात विज्ञानाचा एक जुना मराठी ग्रंथ चाळला. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक म्हणून एक वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्या काळी मुतखड्यावर चुन्याची निवळी देत. त्याहून सौम्य औषध शोधताना तो वजनं करत बसला. दगड भाजला की वजन घटतं, मग जे गेलं ते काय? तो एक वायू निघाला, निवळी पांढरी करणारा. १७५६ साली त्याने ते छापलं. पुढे त्यानेच दाखवलं की आपल्या उच्छ्वासात आणि जळत्या कोळशातही तोच वायू असतो. आणि बर्फ वितळताना उष्णता घेतो पण तापमान चढत नाही, तो तुझ्या धड्यातला अप्रकट उष्मा, तोही याच माणसानं शोधला. औषध, रसायन आणि उष्णता ही तीन दुकानं त्याच्यासाठी वेगळी नव्हती.

त्याचं वाचून मीही एक केलंय. एका सपाट ताटलीत सदतीस ग्रॅम कोरडा विरवलेला चुना पातळ पसरून ठेवलाय, मधल्या खोलीच्या खिडकीत. वजन सराफकट्ट्यावर ओळखीच्या दुकानात, ताटलीचं वेगळं, चुन्याचं वेगळं करून आणलं. दर दोन दिवसांनी मी हलकं पाणी शिंपडून काडीनं हलवतो, कारण अगदी कोरडा राहिला तर वायू धरत नाही. आईला ताकीद दिलीय, झाडताना हात लावायचा नाही. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की तू येशील, तेव्हा उन्हात कडक वाळवून परत वजन करायला आपण दोघं जाऊ. सगळ्या चुन्याचा दगड झाला असेल तर काटा किती दाखवेल, ते आधी मला लिहून पाठव. आकडे वर सगळे दिलेत. आणि कमी भरलं तर का कमी भरलं असेल, तेही लिही.

थंडी आहे, शाल वापर. डबा पाठवतोय, तिळाच्या वड्या मैत्रिणींना दे.

तुझे आप्पा