आमच्या वाडीच्या आशा सेविका ताईंना मनापासून थँक्यू

ताई, तोंडावर बोलले असते तर तुम्ही "असू दे गो" म्हणून पुढच्या घरी गेला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे अख्ख्या कोकणाला माहितीय, पण त्या दोन महिन्यांत कोळणीची मासिक पाळी कशी जाते हे कोणी विचारत नाही. हातात पैसा नाही, आणि नेमका तेव्हाच पाऊस असा लागतो की कापड सुकतच नाही, त्यात ते चारचौघांत वाळत घालायची चोरी, मग मागल्या पडवीत साडीखाली दडपून ठेवायचं आणि तेच ओलसर, वास मारणारं कापड परत घ्यायचं, खाज सुटते, जांघा सोलवटतात, आणि तसंच सुक्या मासळीची टोपली घेऊन बाजारात बसायचं जिथे बाईला जायला धड संडास नाही. २०१८ ला पॅडवरचा जीएसटी गेला, चांगलंच झालं, पण तांदूळच उधारीवर येतो त्या घरात दुकानातलं तीस-चाळीसचं पाकीट कोण मागणार?

तुम्ही तालुक्याला गेलात की जनऔषधीतून, म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, 'सुविधा' पॅडची पाकिटं आणायला लागलात, एक रुपयाला एक पॅड. पैसे स्वतःचे घातलेत, "नारळी पौर्णिमेनंतर द्या, होड्या गेल्या की" म्हणालात. तुम्हाला तरी कुठे पगार आहे, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो, हे आम्हाला कळतं हो ताई.

आणि एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. आमचे मामंजी ओटीवर बसलेले असताना तुम्ही पाकीट कागदात न गुंडाळता सरळ माझ्या हातात दिलंत आणि त्यांच्यासमोरच सांगितलंत की चार-सहा तासांनी बदलायचं, वापरलेलं वहाळात टाकायचं नाही. कापडच वापरणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना नावं नाही ठेवलीत, उलट ते साबणाने धुऊन कडक उन्हात घाला म्हणालात. आता मामंजीच विचारतात, ताई आल्या नाहीत का या महिन्यात! माझी लेकही त्या दिवसांत शाळा बुडवत नाही.

यंदाच्या बंदीसाठी बचत गटातल्या आम्ही बायकांनी पैसे आधीच बाजूला काढलेत. तुमच्या पर्समधला एक रुपया घालायचा नाही, फक्त तालुक्याला कधी जाताय ते कळवा, पिशव्या उचलायला आमच्यातल्या दोघी येतील.