अक्का, तुम्ही ओळीवर बोट ठेवलंत

अक्का,

पोलीस ठाण्यात तुम्हाला मॅडम म्हणत होते. आता तुमची बदली झाली आहे, तेव्हा अक्का म्हणते.

गेल्या सोमवारी कुंद्याचा अर्धा किलोचा डबा घेऊन तुमच्याकडे आले होते. टेबलामागे दुसऱ्याच बाई. "त्या गेल्या की ओ, दोन महिने झाले." कुठं गेल्या म्हणून विचारलं तर एक म्हणाला अथणी, दुसरा म्हणाला सौंदत्ती. डबा परत घरी आणला, पोरांनी रात्रीतच संपवला. सांगायला आले होते ते मात्र घशातच राहिलं, म्हणून लिहिते. टिप्याच्या केसचा निकाल लागला. शिक्षा झाली.

तुम्हाला तो पाठीवर केस नसलेला कुत्रा म्हणूनच माहीत. आधी त्याची पाठ पिवळसर, चांगली दाट होती. माझ्या मशीनखाली कातरणांच्या ढिगावर येऊन झोपायचा, म्हणून धाकट्यानं नाव ठेवलं टिप्या. शिवणाच्या टिपेवरून. तो तसा कुणाचाच नाही, गल्लीचा. एका कानाला नसबंदीची खाच आहे. सकाळी एका घरची भाकरी, दुपारी दुसऱ्या घरचा भात, आणि दिवसभर बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानाची पायरी.

2023 चा ऑक्टोबर संपत आला होता. दिवाळीच्या साड्या फॉल-पिकोला येऊन पडलेल्या, मान वर करायला फुरसत नव्हती. ती किंकाळी ऐकून मी कात्री हातात घेऊनच धावले. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं तापलेल्या तेलाची कढई दोन्ही हातांनी उचलून टिप्याच्या पाठीवर ओतली होती. का, तर तो गाडीसमोर उभा राहून बघतो आणि गिऱ्हाईक बिचकतं. मी बघितलं, अजून चौघांनी बघितलं. त्यातल्या तिघांना पुढे काहीच आठवलं नाही.

त्या संध्याकाळचं मी फार बोलत नाही. एका रिक्षावाल्यानं मागच्या सीटवर स्वतःचा टॉवेल अंथरला आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. त्यानं भाडं घेतलं नाही, टॉवेलही परत मागितला नाही.

तुमच्या आधीचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही कळायचं नाही. मी मराठीत अर्ज लिहून नेला, तो न वाचता परत आला. एक नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव जवळ आलेला, सगळे बंदोबस्ताच्या गडबडीत. "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले, पुन्हा नाळे बर्री. पूर्वी भूत घरात शिरू नये म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे म्हणतात. माझा अवतारही तसाच दिसला असणार. चौथ्या खेपेला एकानं कंटाळून कन्नडमध्ये पान भरलं, माझ्यापुढे सरकवलं आणि फुलीवर बोट ठेवलं. मी सही केली. मराठीत, चांगली वळणदार. काय लिहिलंय ते विचारलं नाही. पोलिसांना विचारायचं असतं हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही.

आणि आमचे लोक! एकजण फोटो काढून गेला, तो पुन्हा दिसला नाही. आमच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्यांनी तर चहा पिता पिता सुनावलं, "अगं, सीमाप्रश्नाची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तुझ्या कुत्र्याची कधी लागणार?" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

मग तुम्ही. नोव्हेंबरच्या अखेरीस, संध्याकाळी सहा वाजता. तुमची ड्युटी संपली होती, डब्याची पिशवी खांद्याला होती. मी बाकावर बसलेली पाहून तुम्ही विचारलंत, "येनरी?" मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगायला लागले, तर तुम्ही तुमच्या मोडक्या मराठीत म्हणालात, "मराठी बोला ओ, मला समजतंय." तुम्ही फाईल काढलीत, पिशवी खाली ठेवलीत, आणि खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून माझ्या बाजूला आणून बसलात.

मला तेवढंच पुरे होतं खरं तर. खुर्ची या बाजूला येते हे मी कुठल्याच ऑफिसात बघितलं नव्हतं.

मग तुम्ही माझीच हेळिके, म्हणजे जबाब, मला वाचून दाखवायला लागलात. एकेका ओळीखाली बोट ठेवायचं, कन्नड वाचायचं, थांबायचं, मराठी करायचं. "माझा दुकान समोर एक बीदी नायी बसलेली होता." कुत्रा बाई आणि दुकान बुवा झालं होतं, तरी मला हसू आलं नाही. कारण तोपर्यंत माझ्या नावावर काय लिहिलंय ते कुणी मला सांगितलंच नव्हतं. पाचव्या की सहाव्या ओळीला तुमचं बोट थांबलं.

"इथं लिहिलंय, येण्णी चेल्लितु. तेल सांडला. सांडला काय?"

मी म्हटलं, सांडलं नाही, ओतलं.

"दाखवा."

मी उठून दोन्ही हातांनी नसलेली कढई उचलून दाखवली. तुम्ही ते बघितलंत आणि हळूच म्हणालात, "सुरिदनु." मग मला समजावून सांगितलंत की चेल्लितु म्हणजे आपोआप, सुरिदनु म्हणजे त्यानं. एका शब्दात माणूस होता आणि एका शब्दात नव्हता. आणि माझी वळणदार सही होती माणूस नसलेल्या शब्दाखाली.

पुढे पुरवणी जबाब कसा झाला, साहेबांना तुम्ही काय सांगितलंत, ते मला नीट माहीतही नाही. एवढंच आठवतं की तुम्ही किंमत विचारलीत. आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, 429 कलमात म्हशीबैलाला किंमत बघत नव्हते, पण कुत्रा असला तर तो पन्नास रुपयांचा तरी असावा लागायचा. आधीच्या माणसानं तो रकाना रिकामा सोडला होता. भटक्याची कसली किंमत! तुम्ही म्हणालात, "कोण विकत मागितला तर किती घेणार?" मी म्हटलं, विकणार नाही. तुम्ही पेन वर धरून थांबलात. "ते मला माहीत हाय ओ. पण कागदाला आकडा लागतो." मग आपण दोघींनी मिळून पाचशे ठरवले, बाजारात घासाघीस करावी तसे. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "नाव?" मी माझं सांगितलं. "तुमचं नव्हे, त्याचं."

नंतरची दोन वर्षं म्हणजे तारखा. कपिलेश्वर पूल ओलांडून कोर्टात जायचं, जिन्याखाली उभं राहायचं, दुपारी दोनला पुढची तारीख घेऊन यायचं आणि रात्री बारापर्यंत मशीन मारायचं. लग्नसराईत तर गिऱ्हाइकं विचारायची, आज दुकान की कोर्ट? डिसेंबर आला की सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सगळी खाकी तिकडे, साक्षीदार पोलीस गैरहजर. 2024 च्या डिसेंबरात अधिवेशनापाठोपाठ गांधीजींच्या 1924 च्या बेळगाव काँग्रेसची शताब्दी आली, आणि बंदोबस्तामुळे आमची तारीख पुन्हा पुढे गेली. अहिंसेच्या शताब्दीसाठी कुत्र्याची केस लांबली, आता यावर काय बोलणार?

उलटतपासणीत गाडीवाल्याच्या वकिलांनी मला विचारलंच, "तेल चुकून सांडलं असेल की नाही?" मी म्हटलं, नाही साहेब, सुरिदनु. कन्नडमध्येच म्हटलं. जज साहेबांनी वर बघितलं आणि स्टेनोला लिहायला सांगितलं.

शिक्षा तशी मोठी नाही. कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं, 429 खाली काही हजार दंड, आणि 1960 च्या प्राण्यांच्या कायद्याखाली पन्नास रुपये. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपयेच आहे. एका साडीच्या फॉल-पिकोचे मी त्याहून जास्त घेते. पण निकाल वाचताना तो शब्द आला आणि मला कळला, कुणी सांगायच्या आधी. घरी येऊन धाकट्याला म्हटलं, यात टिप्याचं नाव कुठं आहे दाखव. तो शाळेत कन्नड शिकतो. त्यानं तीन ठिकाणी दाखवलं. आता मलाही ओळखता येतं.

टिप्या बरा आहे. पाठीवर केस आले नाहीत, उन्हात जात नाही, आणि कढईचा चुर्र आवाज आला की मशीनखाली जातो. घरी भजी तळायची तर आधी त्याला मागच्या दारानं बाहेर सोडावं लागतं.

लोक म्हणतात, त्यात काय मोठं, ड्युटीच केली तिनं. ड्युटी तर सहाला संपली होती. चांगुलपणा मोठा असावा लागतो असं मलाही वाटायचं, कुणी पैसे दिले, कुणी ओळख लावली, असा. त्या रिक्षावाल्याचा टॉवेल आणि तुमची खुर्ची बघितल्यापासून मी स्वतः कुणाला काय सरकवून देते ते बघायला लागले आहे. परवा एक म्हातारी आजी ब्लाऊजचं माप द्यायला आली, तिला पायरी चढवेना. मी टेप घेऊन खाली उतरले. एवढंच. पण आधी उतरले नसते.

तुम्हाला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. अथणीत असो की सौंदत्तीत, हे ज्यांच्या हाती पडेल त्यांनी कृपा करून अक्कांना वाचून दाखवावं. शेजारी बसून, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. आणि कुठं मी चुकीचा शब्द लिहिला असेल तर तिथं थांबावं. त्या सांगतील.

तुमची,
शहापूरची फॉल-पिकोवाली